दोन रिमोट, एक बंदूक

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही, आणि अक्षर ओळीवर सुरू होऊन हळूहळू खाली घसरतं. चौथीनंतर पेन हातात आला तो सहीपुरताच. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. समोरासमोर मला हे कधी सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

"असू दे बाप्पा," असं मावशी म्हणाली की आम्ही बाया एकमेकींकडे बघायचो.

ती हे मोठ्यानं कधी म्हणाली नाही. रागावलेली बाई ओरडते, तुम्हीही पाहिलं असेल. ही हळू व्हायची. डोक्यावरचा पदर नीट करायची, उजव्या अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धरून बघायची आणि म्हणायची, "असू दे बाप्पा." समोरच्याला वाटायचं, विषय मिटला. आम्हाला माहीत होतं की आत्ता सुरू झाला.

गिरणीवाल्यानं एकदा तिला दोन किलो पीठ कमी दिलं. मावशी सात महिने गप्प राहिली. मग त्याच्या मुलीच्या लग्नात पोळ्या लाटायला गावातल्या बाया बोलावल्या, तर ही सगळ्यांत आधी हजर. दिवसभर लाटल्या, कुणापेक्षाही जास्त लाटल्या. संध्याकाळी उरलेल्या कणकेचा एक मोठा गोळा ताटलीत घेतला आणि मांडवातून सगळ्यांच्या देखत निघाली. गिरणीवाला व्याह्यांशी बोलत उभा होता. त्याच्यापुढे ताटली धरून म्हणाली, "वजन करून घे भाऊ. दोन किलोच्या वर असंल तं वापस देतो."

ती आमच्या टोळीची मुख्य. आम्ही बारा बाया होतो. साखरखेर्ड्याच्या बाजूला तेव्हा कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट होते. बीटी नवीनच आलं होतं. त्या बियाण्यानं अळी मरते म्हणून लोक पाकिटामागं धावत होते, आणि ते बी तयार करायला बायांची बोटं लागत होती. काम नाजूक. संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी अंगठ्याच्या नखानं सोलायची. आतलं पिवळ्या पुडीचं सगळं काढून टाकायचं, पण मधला कोंभ दुखवायचा नाही. मग खूण म्हणून तिथं लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ओळीतलं फूल आणून त्या कोंभाला घासायचं. आठ ते अकरा, एवढीच वेळ. ऊन तापलं की कोंभ सुकतो आणि कालची सगळी मेहनत वाया जाते. याला सगळे क्रॉसिंग म्हणायचे. त्यासाठी आम्ही उजव्या अंगठ्याचं नख वाढवायचो. बाजारात कुणा बाईचं एकच नख लांब दिसलं की समजायचं, ही आपल्यातली.

"अळी मारायचं बी काढून राह्यलो आपण," मावशी म्हणायची, "पण मळ्याच्या मालकाले काही होत नाही त्यानं."

मालकाचा मळा मोठा, शिवाय गावात खताबियाण्याचं दुकान. शनिवारी मजुरी मिळायची. आम्ही त्यांच्या ओसरीत बसायचो आणि ते आतून यायला वाटेल तेवढा वेळ लावायचे.

अशाच एका शनिवारी मी सतरंजीच्या कडेला बसले होते. आतल्या खोलीत टीव्हीवर व्हिडिओ गेम लावलेला होता आणि खेळणारं कुणी नव्हतं. रिमोट वायरीसकट ओसरीपर्यंत आलेला, अगदी माझ्या गुडघ्याजवळ पडला होता. टीव्हीत एक एवढासा माणूस खड्ड्यापुढं उभा होता. बराच वेळ तसाच. मला त्याची दया आली. मी नखानं एक बटण दाबलं. तो उडाला आणि खड्ड्यात पडला, आणि टीव्ही मोठ्यानं वाजला.

मालकीणबाई बाहेर आल्या. "कोणी हात लावला?"

मी सतरंजीचे दोरे ओढत बसले. मी अशीच आहे. दुकानात मीठ मागायचं तरी दोनदा मनात म्हणून बघते.

"म्या लावला," मावशी म्हणाली.

बाईंनी रिमोट दोन बोटांत उचलला, पदरानं पुसला आणि आत नेला.

पुढच्या शनिवारी मालकांनी प्रत्येकीच्या मजुरीतून पन्नास रुपये कापले. दिवसभराची मजुरीसुद्धा तेव्हा पन्नासला टेकत नव्हती.

"रिमोट बंद पडला," मालक म्हणाले. "घामट हात तुमचे, त्यात ती कपाशीची पूड. आत गेली पूड. एक रिमोट गेला म्हणजे गेमच गेला. सहाशेचा होता."

"एका बाईनं हात लावला मालक, बारा बायांचे काऊन कापता?" मावशीनं विचारलं.

"टोळी तुमची एकच हाय ना? मग दंड बी एकच." आणि त्यांनी तो बंद रिमोट ओसरीत फेकला. "हा घ्या. पैसे भरले, आता तुमचाच झाला."

रिमोट माझ्या पायाशी येऊन थांबला. मावशीनं तो उचलला, वायर नीट गुंडाळली, नख डोळ्यांसमोर धरलं.

"असू दे बाप्पा."

मालक आत गेले. त्यांना वाटलं, मिटलं.

परतताना मी सगळ्यांच्या मागं राहिले. त्या पन्नासात मुलीचा चष्मा व्हायचा होता, पण मला चष्म्यापेक्षा दुसरंच खात होतं. मी हळूच म्हणाले, "मावशी, म्या लावला होता वं हात."

"मले माहीत हाय. मी काय आंधळी हाय?"

"मग तुमचं नाव काऊन घेतलं?"

"तू बोलली असती तं रडली असती. रडणाऱ्या बाईचे पैसे कोणी वापस देत नाही."

त्या महिन्याची भिशी मावशीला लागली होती. त्या पैशांतून घरावर पत्रे टाकायचे होते. तिनं पत्र्यांचे पैसे कमरेला लावले, तो रिमोट पिशवीत घातला आणि मला घेऊन मेहकरच्या एसटीत बसली. स्टँडजवळ एक चाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे आणि व्हिडिओ गेमही विकायचे. काचेच्या कपाटात मशीन, रिमोट, कॅसेटी, बंदुका, सगळं मांडलेलं.

मावशीनं रिमोट पुढे केला. "चाचा, हा कशानं मेला ते सांगा. खरं सांगा. मी दुरुस्तीले नाही, साक्षीले आली."

चाचांनी चार स्क्रू काढले, आत डोकावले आणि हसले. "पूड-बीड काही नै बाई. ये देखो, तार तुटेल हाय. कोणी तं वायर धरून ओढलं. बटनाले तं खरोंच बी नै."

मी श्वास सोडला. आठ दिवस मला माझं नख दिसत होतं.

चाचांनी कथलाचा ठिपका देऊन तार जोडली. पाच रुपये झाले. मला वाटलं, चला, काम झालं, आता हा नेऊन मालकांना दाखवायचा. पण मावशी कपाटाकडे बघत होती.

"आता याले मशीन दाखवा," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"सहाशे रुपयांचा रिमोट हाय हा माझ्याजवळ. एवढ्या महागाचा जिल्ह्यात कोणाजवळ नसंल. याले शोभंल असं मशीन पाहिजे."

चाचांनी दोन मशीनं काढली. एक काळं, त्याच्यावर सोनेरी अक्षरं. मला तेच आवडलं. दुसरं पांढरं, साधं. पण चाचा म्हणाले, तुमच्या रिमोटच्या तोंडाला नऊ भोकं हायत, सोनेरीवाल्याले पंधरा काड्या. बसणार नै. जोर लावला तं काड्या मोडतील. मावशीनं स्वतः भोकं मोजली, काड्या मोजल्या, आणि पांढरं मशीन आपल्याकडे ओढलं.

लोक मशीन घेतात आणि त्याला रिमोट बघतात. आम्ही रिमोटसाठी मशीन बघत होतो, मुलगी पदरात घेऊन नवरदेव बघायला निघाल्यासारखं.

दुसरा रिमोट निवडायला मात्र तिनं अर्धा तास लावला. चाचांनी आधी मऊ रबरी बटणांचा दिला. मावशीनं नख लावून पाहिलं. "हे दोन दिवसांत फाटंल. आमचं नख कळी सोलते चाचा. टणक बटनाचा द्या." मग चाचांनी चार बटणांचा काढला. यातलं एक बटण नुसतं दाबून धरलं की आपोआप गोळ्या सुटत राहतात, असं कौतुकानं सांगितलं.

"आपोआप नाही पाहिजे," मावशी म्हणाली. "आपल्या हातानं झालं पाहिजे."

शेवटी दोन टणक बटणांचा निवडला, तर त्याची वायर आखूड. मावशीनं कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजली. तीन हात भरली. "पाच हात लागंल."

"इतकी लंबी काऊन? टीव्हीसमोर बसून तं खेळता."

"टीव्ही माझा आत हाय. मले रिमोट उंबऱ्याच्या बाहेर पोहोचला पाहिजे. एक माणूस हाय, त्याले घरात घ्यायचं नाही, पण त्याच्या हाती त्याचाच रिमोट द्यायचा हाय."

चाचांनी नवा तसाच ठेवला आणि जुन्याच रिमोटला आणखी वायर जोडून दिली. तिथून पुढं चाचा आमच्याच बाजूचे झाले. कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम लिहिले होते. मावशीनं दुकानातच लावायला सांगितली आणि आठव्या गेमला थांबवलं. "हे तं तेच बदक हाय. फक्त आभाळ हिरवं केलं." त्यावर कॅसेट निम्म्या किमतीत आली. लाईटचं भारनियमन तेव्हा फार होतं. तिचा टीव्ही जावयानं जळगाव जामोदहून आणून दिलेला, लहान, काळा-पांढरा, बॅटरीवरही चालणारा. चाचांनी टीव्हीला आणि मशीनला दोन्हीला चिमट्यांची वायर करून दिली.

सगळं बांधल्यावर मावशी म्हणाली, "आणि ती बंदूक."

"बंदूक तं बच्चे लोग घेतात बाई."

"द्या. तोंड आठवून मारायची हाय."

एकूण किती दिले ते मी लिहीत नाही. पत्र्यांपैकी तीन पत्रे गेले, एवढं सांगते. ती बाजू त्या वर्षी गळत राहिली. मावशीनं तिथं परात ठेवली, पण पश्चात्ताप झाला असं कधी म्हणाली नाही.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ते मागं राहणार नाही. पुढच्या वर्षी मालकांनी आम्हाला बोलावलं नाही, दुसरीकडून टोळी आणली. आमच्यातल्या चौघी जालन्याकडे जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात गेल्या. कपाशीचे हाल सगळीकडेच होते, तसे आमचेही झाले. एक-दोघींनी मावशीला बोल लावला. मी नाही लावला. लोक म्हणतात, मनात ठेवू नये, सोडून द्यावं. मी सोडलेलं नाही. ती सकाळ आठवली की मला आजही जेवण गोड लागतं.

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात तिला उठवत नव्हतं. मी रोज दुपारी जायची. ती म्हणायची, "लाव वं." मी मशीन लावायची, बंदुकीखाली माझा हात धरायची, आणि ती पडल्या पडल्या बदकं मारायची. नेम चुकला की माझ्यावर ओरडायची, "हात हालवून राह्यली तू!" लागला की डोळे मिटून हसायची. कोण पडलं ते मी विचारायची नाही. तिच्या तेराव्याला मालकाच्या घरचं कुणी आलं नाही. आले असते तर तिला राग आला असता.

आता ती सकाळ.

आदल्या संध्याकाळी मळ्यात मावशी आम्हाला म्हणाली, "आज हात उचला पोरीहो. रोजच्यापेक्षा जास्त सोला." आम्ही अंधार पडेपर्यंत कळ्या सोलल्या. ओळीच्या ओळी लाल कागदांनी भरल्या. मालक बांधावरून बघून खूश झाले. घरी निघताना मावशीनं सांगितलं, "सकाळी मळ्यात कोणी जायचं नाही. माझ्या घरी यायचं. गेम खेळायचा हाय." तेव्हा कुठं आम्हाला कळलं, जास्त का सोलायला लावल्या ते. सकाळी सातला बाराच्या बारा हजर होत्या.

लाईट नव्हती. टीव्ही बॅटरीवर लावला. बॅटरी कुठली ते विचारू नका. त्या सकाळी मालकाचा ट्रॅक्टर काही सुरू होत नव्हता, असं मात्र नंतर कानावर आलं.

आठ वाजता मालक मोटारसायकलवर आले. आम्ही टीव्हीपुढं बसलेल्या. मावशीच्या हाती बंदूक.

"अवो बाया, काय करून राह्यल्या? फुलं उघडी हायत मळ्यात! चला, चला!"

"थांबा मालक, बदक उडून राह्यलं," मावशी म्हणाली. मारलं. पडलं. बाया ओरडल्या. मग तिनं एकीला उड्या मारणाऱ्या माणसाचा गेम लावायला सांगितलं आणि ती दाराशी आली.

"आमचे हात घामट हायत मालक. त्यात पूड. तुमचा रिमोट मेला आमच्या हातानं. फुलं तं लय नाजूक असतात. आम्ही काही हात लावत नाही बाप्पा, उद्या म्हणाल, मळा खराब केला."

"एका रिमोटसाठी..."

"तो एक रिमोट हाच." तिनं वायर सोडत सोडत तो उंबऱ्याबाहेर त्यांच्या हातात दिला. "दाबून पाहा."

मालकांनी दाबलं. आत टीव्हीत तो एवढासा माणूस उडाला.

"तार तुटेल होती. पाच रुपयांत जोडली. वायर ओढणारा हात कोणाच्या घरातला ते तुमच्या घरी विचारा. आमचे सहाशे द्या."

"बरं, शनिवारी देतो. आता चला."

मावशी आत येऊन बसली. "कोणाचा नंबर हाय वं?"

मालक गेले. नऊ वाजता परत आले आणि अर्धे देतो म्हणाले. आतून कुणी मागं वळून पाहिलं नाही. साडेनऊला पुन्हा आले. गावात दुसऱ्या बाया शोधल्या असणार, पण क्रॉसिंगचं नख एका सकाळीत वाढत नाही. या वेळी नोटा हातात होत्या. गठ्ठा मावशीपुढं धरला.

"मले नाही. ज्याचे त्याच्या हातावर."

"अवो ऊन चढून राह्यलं!"

"चढू द्या. मोजून द्या, घाई नाही."

एकेक बाई उठली, उंबऱ्याशी गेली, हात पुढे केला. मालकांनी एकेकीच्या हातावर पन्नास ठेवले. प्रत्येक जणी नोट उलटून बघायची, उजेडात धरायची. मावशीनं तसं सांगितलेलं नव्हतं. त्यांना आपोआप सुचलं. अकरा झाल्या. बारावी मी. मालकांनी खिसे चाचपले.

"इचे संध्याकाळी देतो. पन्नासच तं राह्यले."

मावशीनं फक्त आमच्याकडे पाहिलं. उठलेल्या बाया पुन्हा खाली बसल्या. एकीनं बंदूक घेतली.

मालकांनी गाडीला लाथ मारली. घर जवळ नव्हतं. जाऊन यायला वेळ लागणारच होता. मी दारात उभी राहून उन्हाकडे बघत होते. अंगणातली सावली भिंतीकडे सरकत होती, आणि मळ्यातले लाल कागद मला इथून दिसत होते. खरंच सांगते, मला एकदाही वाईट वाटलं नाही. मला वाटत होतं, गाडी पंक्चर व्हावी.

ते आले तेव्हा मागं मालकीणबाई बसलेल्या होत्या. पैसे त्यांच्याजवळ होते, कपाटाची किल्ली त्यांच्याचकडे असायची. त्यांनी नोट मालकांना द्यायला काढली.

"तुम्हीच द्या बाई," मावशी म्हणाली. "रिमोटले हात इचाच लागला होता. त्या दिवशी म्या खोटं सांगितलं."

मजुरी घेताना मी नेहमी पदर पसरायची, कुणाला हात लागू नये म्हणून. त्या दिवशी मी हात पुढं केला. उघडा, सरळ. मालकीणबाईंना नोट त्याच्यावर ठेवावी लागली आणि त्यांची बोटं माझ्या तळहाताला टेकली. मी हात लगेच मागं घेतला नाही.

मावशीनं सगळ्यांच्या नोटा गोळा करून पुन्हा एकदा मोजल्या, बोट ओलं करून, सावकाश. पूर्ण सहाशे भरले. तेव्हा अकरा वाजून गेले होते.